युस्कियाची शिळा

सिसिली बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर सिराक्यूज नावाचे शहर आहे. मराठी बायबलाच्या वाचकांना ते 'सुराकूस' या नावाने ठाऊक असेल. संत पौल बंदिवान म्हणून माल्टाहून रोमकडे निघाले असता त्यांचे जहाज या बंदरात तीन दिवस थांबले होते, अशी नोंद 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आहे. त्या तीन दिवसांत ते कोणाला भेटले, काय बोलले, याविषयी पवित्र लेखक एक अक्षरही लिहीत नाही. परंतु पुढच्या तीन-चार शतकांत या शहरात जी ख्रिस्ती माणसे जगली आणि मेली, त्यांनी आपल्या कबरींवर जे लिहून ठेवले, ते बऱ्याच प्रमाणात आज आपल्यासमोर आहे. सिराक्यूजच्या पुरातत्त्व संग्रहालयात ते जपलेले आहे. त्यांतील दोन कबरींविषयी हा लेख आहे. एक कबर श्रीमंत घराण्यातील स्त्रीची असून तिची छायाचित्रे कलेच्या इतिहासग्रंथांतून छापली जातात. दुसरी कबर एका साध्या तरुण विवाहितेची. तिच्यावरची शिळा लहानशी, कोणाच्या नजरेतून सहज निसटावी अशी. तरीही एका थोर संताच्या स्मृतीचा सर्वांत जुना पुरावा याच लहान शिळेने दिला आहे.

परंपरेनुसार इ.स.पू. ७३३ च्या सुमारास कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी हे शहर वसविले. पुढे ते इतके वैभवाला चढले की, खुद्द अथेन्सशी त्याने टक्कर दिली. इ.स.पू. २१२ मध्ये रोमन सेनापती मार्सेलस याने दीर्घ वेढ्यानंतर ते जिंकले. त्या धामधुमीत थोर गणिती आर्किमिडीज एका सैनिकाच्या हातून मारला गेला. मार्सेलसने शहरातील पुतळे आणि चित्रे जहाजांत भरून रोमला नेली. पुढे व्हेर्रेस नावाच्या लोभी रोमन सुभेदाराने अथेनादेवीच्या मंदिरातील चित्रे आणि दरवाजांवरील हस्तिदंती कामही काढून नेले. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने त्याच्यावर जो खटला चालविला, त्यात या लुटीचे सविस्तर वर्णन आहे. ते मंदिर मात्र उभे राहिले. ख्रिस्ती सातव्या शतकात त्याचेच कॅथेड्रल झाले आणि आजही मिस्सा ऐकावयास बसलेल्या भाविकांच्या शेजारी त्या मंदिराचे अडीच हजार वर्षांपूर्वीचे दगडी खांब उभे आहेत.

याच सिसेरोने सांगितलेली आणखी एक हकिकत येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इ.स.पू. ७५ मध्ये तो सिसिलीत अधिकारी असताना त्याने आर्किमिडीजच्या कबरीची चौकशी केली. सिराक्यूजच्या लोकांनी, अशी कबर आमच्या गावात नाहीच, असे उत्तर दिले. शेवटी झाडाझुडपांत लपलेला एक लहान स्तंभ त्याला दिसला. त्यावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. आर्किमिडीजच्या आवडत्या सिद्धांताची ती खूण. कोयते घेऊन माणसे आत पाठविली तेव्हा कबर सापडली. शहराच्या सर्वांत कीर्तिमान पुत्राची कबर १३७ वर्षांत त्याचेच गाव विसरले होते, आणि परक्या माणसाने ती शोधून दिली. आज ती पुन्हा नाहीशी झाली आहे. 'आर्किमिडीजची कबर' म्हणून प्रवाशांना जी जागा दाखविली जाते, ती नंतरच्या रोमन काळातील एक दफनगृह आहे. कीर्ती मोठी असली म्हणजे कबर टिकतेच असे नाही, हा पहिला धडा सिराक्यूजच आपल्याला देते.

संग्रहालयाच्या जन्माची कथा आपल्यासारख्या वाचकांना जवळची वाटेल. शहरातील प्राचीन वस्तू एकत्र करून जपण्याचा पहिला प्रयत्न बिशप अलागोना यांनी केला. १७८० मध्ये त्यांनी आपल्या सेमिनरीत एक लहानसे संग्रहालय उघडले. १८११ मध्ये ते नगर-संग्रहालय झाले, आणि १८८६ मध्ये कॅथेड्रलच्या चौकातील इमारतीत राष्ट्रीय संग्रहालय म्हणून त्याचे उद्घाटन झाले. वस्तू वाढत गेल्या, जागा अपुरी पडू लागली. अखेर १९८८ मध्ये व्हिला लांदोलिना या जुन्या बागेत, वास्तुशिल्पी फ्रांको मिनिस्सी यांनी आखलेल्या नव्या इमारतीत ते हलविण्यात आले. सिसिली हा इटलीतील स्वायत्त प्रांत असल्याने त्याचे आजचे नाव 'पाओलो ओर्सी प्रादेशिक पुरातत्त्व संग्रहालय' असे आहे. बागेच्या शेजारच्या परिसरातच अश्रूंच्या मातेचे शंकूच्या आकाराचे भव्य तीर्थमंदिर आहे. १९५३ च्या ऑगस्टअखेरीस एका कामगाराच्या घरातील मरियामातेच्या प्लास्टरच्या प्रतिमेतून अश्रू वाहिले, त्या घटनेचे हे स्मारक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये त्याचे समर्पण केले.

ज्यांचे नाव संग्रहालयाला दिले आहे ते पाओलो ओर्सी १८५९ मध्ये इटलीच्या उत्तर टोकाकडील रोव्हेरेतो गावी जन्मले. ते गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या राज्यात होते. १८८८ मध्ये ते सिराक्यूजला आले आणि पुढची चार दशकांहून अधिक वर्षे त्यांनी सिसिली व दक्षिण इटलीची भूमी पायाखाली घातली. जे सापडेल त्याची जागा, खोली, स्थिती आपल्या टिपणवहीत लिहून ठेवायची आणि आकृती काढायची, असा त्यांचा शिरस्ता होता. सोन्याच्या दागिन्याला आणि फुटक्या खापराला त्यांच्या वहीत सारखाच मान मिळे. १९३५ मध्ये आपल्या जन्मगावी त्यांचे निधन झाले. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या शिळेविषयी आपल्याला बोलायचे आहे ती ओर्सींसारख्या माणसाच्या हाती आली म्हणून वाचली. एखाद्या खजिना शोधणाऱ्याने ती बाजूला फेकली असती.

संग्रहालयाची इमारत षट्कोनी दालने एकमेकांना जोडून बांधलेली आहे. त्यामुळे आपण एका काळातून दुसऱ्या काळात अलगद जात राहतो. आरंभी अश्मयुग आणि सिसिलीत एके काळी राहणाऱ्या बुटक्या हत्तींचे सांगाडे. त्यापुढे ग्रीक वसाहती. येथे मेगारा हिब्लेआ या नगरीच्या दफनभूमीतून आलेली चुनखडीची एक मूर्ती आहे. दोन जुळ्या बाळांना एकाच वेळी अंगावर पाजणारी, ऐसपैस बसलेली माता. इ.स.पू. सहाव्या शतकातील ही आई मृतांच्या सोबतीला बसविलेली होती. रोमन काळाचे वैभव म्हणजे इ.स. दुसऱ्या शतकातील संगमरवरी व्हीनस. साव्हेरिओ लांदोलिना या विद्वान सरदाराला ती १८०४ मध्ये सापडली. तिला शिर नाही, उजवा हातही नाही. तरी तिला पाहण्याच्या ओढीने मोपासाँ हा फ्रेंच कथाकार १८८५ मध्ये सिराक्यूजला आला आणि तिच्यावर त्याने भरभरून लिहिले. मूळ ग्रीक शिल्पाची ती रोमन काळातील प्रतिकृती आहे. जे ग्रीकांकडून लुटले त्याच्याच नकला रोमन लोक पुढे हौसेने करवून घेत राहिले.

बहुतेक प्रवासी येथवर येऊन समाधानाने परततात. ख्रिस्ती काळातील वस्तूंचे दालन २०१४ मध्ये उघडले. तेथे शिरण्याआधी या वस्तू ज्या ठिकाणाहून आल्या ते ठिकाण समजून घेणे आवश्यक आहे. संग्रहालयापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर संत योहान शुभवर्तमानकाराचे एक पडके चर्च आहे. १६९३ च्या भूकंपात ते कोसळले आणि आज त्याला छप्पर नाही. त्याच्या तळघरात संत मार्सियान यांचे स्मारक आहे. परंपरेने त्यांना सिराक्यूजचे पहिले बिशप मानले आहे. या चर्चच्या शेजारी जमिनीच्या पोटात एक विस्तीर्ण भूमिगत दफनभूमी आहे.

भूमिगत दफनभूमी म्हटली की, छळाच्या काळात लपून बसलेले ख्रिस्ती लोक आपल्या डोळ्यांसमोर येतात. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी ही समजूत पक्की केली आहे. वस्तुस्थिती निराळी होती. मृतांना शहराबाहेर पुरावे असा रोमन कायदा होता, आणि जेथे खडक मऊ असे तेथे जमिनीखाली बोगदे खोदून मृतांसाठी जागा करणे हा सोयीचा मार्ग होता. सिराक्यूजची ही दफनभूमी तर मुख्यतः छळ संपल्यानंतरची, म्हणजे चौथ्या व पाचव्या शतकांतील आहे. ग्रीकांनी पूर्वी पाण्यासाठी खोदलेला एक जुना पाट येथे तयारच होता. ख्रिस्ती लोकांनी तो रुंद करून आपला मुख्य मार्ग केला. त्याला फाटे फोडले. मध्ये मध्ये जुन्या पाण्याच्या टाक्या होत्या, त्यांची गोल दालने झाली. भिंतींत कोनाडे, कमानींखाली ओळीने कबरी, आणि लहान मुलांसाठी लहान लहान खाचा. 'सिमेटरी' हा जो शब्द आपण सर्रास वापरतो त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ 'झोपण्याची जागा' असा आहे. ख्रिस्ती लोकांनी तो आपल्या दफनभूमीला दिला, कारण मृत हे निजलेले असून त्यांना उठविले जाणार आहे, ही त्यांची श्रद्धा होती.

याच दफनभूमीच्या एका गोल दालनात १८७२ मध्ये पुरातत्त्वज्ञ काव्हाल्लारी यांना संगमरवरी शवपेटी सापडली. तिच्या झाकणावर लॅटिन भाषेत तीन ओळींचा मजकूर आहे. त्याचा आशय असा : येथे सिनेटर-कुळातील अॅडेल्फिया ठेवली आहे, सरदार व्हालेरियसची पत्नी. 'व्हालेरियस' हे नाव कारागिराने 'ब' अक्षराने कोरले आहे. लोक जसे बोलत तसे त्याने लिहिले असावे. पेटीचा समोरचा भाग वरपासून खालपर्यंत शिल्पांनी भरलेला आहे. मध्यभागी एक मोठा शिंपला आणि त्यात पती-पत्नीच्या अर्धप्रतिमा शेजारी शेजारी. त्यांच्या भोवती दोन ओळींत पवित्र शास्त्रातील प्रसंग दाटीवाटीने कोरले आहेत. आदाम आणि हव्वा, इसहाकाचे बलिदान करण्यास हात उचललेला आब्राहाम, नियमशास्त्र स्वीकारणारा मोशे, राजाच्या मूर्तीला नमन करण्यास नकार देणारे तीन तरुण. त्यांच्या जोडीला आंधळ्याला दृष्टी, भाकरींचा चमत्कार, काना गावचे लग्न, विधवेच्या मुलाला दिलेले जीवन, पेत्राच्या पायाशी कोंबडा, प्रभूच्या वस्त्राला हात लावणारी रक्तस्रावाने पीडित स्त्री, तीन ज्ञानी पुरुष आणि प्रभूचा येरुशलेम प्रवेश. झाकणावर गाय-गाढवांसह गव्हाणीतील बाळ आहे. आपल्या घरोघरी नाताळात जो गोठा मांडला जातो, त्याच्या अगदी आरंभीच्या चित्रणांपैकी हे एक.

ही पेटी साधारणतः इ.स. ३४० च्या सुमाराची मानली जाते, म्हणजे ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळून जेमतेम एक पिढी उलटली होती. छळाचा काळ पाहिलेले वृद्ध तेव्हा हयात असतील, आणि त्याच समाजात दरबारी सरदाराच्या घरी एवढी खर्चिक ख्रिस्ती शवपेटी येऊ शकत होती. कोणत्याही धर्मोपदेशापेक्षा ही वस्तू त्या बदलाची साक्ष अधिक स्पष्टपणे देते. तरीही पेटीसमोर उभे राहून आपण विचारले की, अॅडेल्फिया कशी होती, किती वर्षे जगली, कशाने आनंदून जात होती, तर उत्तर मिळत नाही. तिचे कुळ समजते आणि पतीचे पद समजते. बाकी सारे कारागिराचे कौशल्य आहे.

आता दुसरी शिळा पाहू. ओर्सी यांनी १८९४ मध्ये याच दफनभूमीत उत्खनन केले, तेव्हा एका कबरीवर त्यांना ती मिळाली. संगमरवराचा लहानसा तुकडा, ग्रीक लिपी, अक्षरे काही फार सुबक नाहीत. काळ चौथ्या शतकाचा शेवट किंवा पाचव्याचा आरंभ. मजकूर थोडका आहे. निष्कलंक युस्किया चांगुलपणाने आणि मर्यादेने कमी-अधिक पंचवीस वर्षे जगली. माझी स्वामिनी लुसी, जिची स्तुती करण्यास शब्द पुरत नाहीत, तिच्या सणाच्या दिवशी ती विसावली. ती ख्रिस्ती होती, विश्वासू होती, परिपूर्ण होती, आणि आपल्या पतीविषयी अपार कृतज्ञ होती. एवढेच.

ही चार वाक्ये सावकाश वाचावीत. 'कमी-अधिक पंचवीस वर्षे' हे शब्द पहिल्यांदा आपल्याला थांबवितात. पतीला पत्नीचे नेमके वय ठाऊक नव्हते. जन्माच्या नोंदी नसलेल्या जगात ते स्वाभाविक होते, आणि आपल्या आजी-आजोबांच्या बाबतीत आपणही असेच अंदाजाने बोलतो. खोटा अचूकपणा दाखविण्याऐवजी त्याने खरे तेच कोरविले. 'ख्रिस्ती' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ग्रीक भाषेत 'चांगला' या अर्थाचा एक शब्द आहे. उच्चाराने तो 'ख्रिस्त' या नावाशी जवळजवळ एकरूप झाला होता. युस्किया चांगुलपणाने जगली असे सांगताना जो स्वर कोरला आहे, तोच स्वर ती ख्रिस्ती होती असे सांगताना कोरला आहे. हे चुकून झाले की जाणून, हे कोण सांगणार? परंतु ऐकणाऱ्याच्या कानाला 'चांगली' आणि 'ख्रिस्ती' हे दोन शब्द एकाच कुळातले वाटले असतील. शेवटी पती स्वतःचे नाव कोठेही घालीत नाही. तो 'तिचा पती' एवढाच राहतो.

दोन्ही शिळा एकाच दफनभूमीतील. एकीची भाषा लॅटिन, राज्यकर्त्यांची. दुसरीची ग्रीक. रोमची सत्ता येऊन सहा शतके लोटली होती, तरी सिराक्यूजच्या घरांतील भाषा ग्रीकच राहिली होती, हे तेथील बहुतेक कबरींवरून दिसते. शोक करताना माणूस आपल्या चुलीजवळच्या भाषेकडे वळतो, तसा हा पतीही वळला. अॅडेल्फियाच्या पेटीवर पतीचे नाव आणि पद आहे, पत्नीच्या गुणांचा उल्लेख नाही. युस्कियाच्या शिळेवर पत्नीचे गुण आहेत, पतीचे नावच नाही. दोघांचे दुःख सारखेच असेल. आपल्यापर्यंत मात्र एकाचेच पोहोचले.

परंतु या शिळेचे खरे महत्त्व तिच्या एका शब्दसमूहात आहे : 'माझी स्वामिनी लुसी हिच्या सणाच्या दिवशी.' संत लुसी इ.स. ३०४ च्या सुमारास, सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, सिराक्यूजमध्ये रक्तसाक्षी झाली, ही आपली परंपरा. तिचे जे चरित्र प्रचलित आहे ते घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिले गेले. त्यात सांगितले आहे की, लुसी आपली आजारी आई युतिकिया हिला घेऊन कटानियाला संत अॅगथा हिच्या कबरीपाशी गेली. आईला रक्तस्रावाचा विकार होता, आणि त्या दिवशी मिस्सेत नेमके प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करणाऱ्या स्त्रीचे शुभवर्तमान वाचले गेले. अॅडेल्फियाच्या पेटीवर कोरलेला हाच तो प्रसंग. आई बरी झाली. लुसीने विवाह नाकारून आपले धन गोरगरिबांत वाटले. चिडलेल्या वाग्दत्त वराने तिला न्यायाधीशापुढे उभे केले. बैलांच्या जोड्या लावूनही तिला जागची हलविता आले नाही, आणि अखेर तलवारीने तिचा अंत करण्यात आला. तबकात डोळे घेतलेली लुसीची जी मूर्ती आपण पाहतो, तिच्यामागील कथा तर या जुन्या चरित्रातही नाही. ती मध्ययुगाच्या उत्तरार्धातील आहे.

मग यातले खरे किती? हा प्रश्न अश्रद्धांनीच विचारला असे नाही. बेल्जियममधील बोलांदिस्त या जेसुइट पंडितांच्या मंडळाने संतचरित्रांची चिकित्सा हेच आपले जीवितकार्य मानले. त्यांच्यातील अग्रणी फादर इपोलित देलेहे हे ओर्सी यांच्याच वर्षी, म्हणजे १८५९ मध्ये जन्मले होते. त्यांनी एक साधी कसोटी घालून दिली. रक्तसाक्ष्याच्या चरित्रातील संवाद आणि चमत्कार पुढच्या लेखकांनी रंगविलेले असू शकतात. परंतु त्याच्या कबरीची जागा आणि त्याच्या सणाचा दिवस या दोन गोष्टी स्थानिक समाज पिढ्यान्पिढ्या धरून ठेवतो. या दोन खुंट्या पक्क्या असतील तर संत खरा होऊन गेला असे मानावयास आधार मिळतो.

युस्कियाची शिळा या कसोटीवर ठेवून पाहा. जागा सिराक्यूज, लुसीचे स्वतःचे गाव. काळ तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षे, म्हणजे तिला पाहिलेल्यांची नातवंडे-पतवंडे जिवंत असण्याचा. आणि सण इतका सर्वश्रुत की, पतीला महिना किंवा तारीख लिहिण्याची गरजच वाटली नाही. 'लुसीच्या सणाला' एवढे म्हटले की वाचणाऱ्या प्रत्येकाला दिवस कळत होता. १३ डिसेंबर ही तारीख आपल्याला पुढच्या हुतात्मा-यादींतून मिळते. पोप ग्रेगरी (५९०-६०४) यांच्या पत्रांत सिराक्यूज येथील संत लुसीच्या मठाचा उल्लेख आहे, आणि मिस्सेतील पहिल्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत तिचे नाव आजही अॅगथा, अॅग्नेस, सिसिलिया यांच्या जोडीने घेतले जाते. १९६९ मध्ये ख्रिस्तसभेने आपल्या दिनदर्शिकेची फेरतपासणी केली. पुराव्याअभावी संत बार्बारा यांच्यासारखी काही प्रिय नावे त्या वेळी सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढण्यात आली. लुसीचा स्मृतिदिन कायम राहिला. तिच्या भक्तीची मुळे किती जुनी आहेत याचे पुरावे उपलब्ध होते, आणि त्या पुराव्यांत सर्वांत जुना पुरावा हा एका विधुराने बसविलेला दगड आहे.

येथे आपण क्षणभर थांबावे. लुसीविषयीचा पहिला शब्द ना बिशपांच्या पत्रात आहे, ना धर्मसभेच्या ठरावात, ना एखाद्या पंडिताच्या ग्रंथात. तो एका कुटुंबाच्या दुःखात आहे. त्या पतीला संताचा इतिहास लिहावयाचा नव्हता. आपली पत्नी कोणत्या दिवशी गेली एवढेच त्याला सांगायचे होते, आणि तो दिवस त्याच्या मनात तारखेने नव्हे, सणाने बांधलेला होता. 'अमका गणपतीत गेला', 'तमकी नाताळच्या आदल्या दिवशी गेली' असे आपणही म्हणतोच. अशा एका घरगुती बोलण्यातून ख्रिस्तसभेला आपल्या एका कन्येचा दाखला मिळाला. आपण नेहमी मानतो की श्रद्धा वरून खाली येते, धर्मगुरूंकडून घरांकडे. सिराक्यूजची शिळा दाखविते की कधी कधी घरेच तिची राखणदार होतात.

पुढे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. परंपरेनुसार १०३९ मध्ये बिझंटाइन सेनापती मानियाकेस याने संत लुसीचे पवित्र अवशेष कॉन्स्टँटिनोपलला नेले. १२०४ मध्ये ते शहर क्रुसेडरांनी लुटले, तेव्हा अवशेष व्हेनिसला गेले. तेथील तिचे चर्च एकोणिसाव्या शतकात रेल्वे स्टेशनासाठी पाडण्यात आले. व्हेनिसच्या स्टेशनाला आजही 'सांता लुसिया' हेच नाव आहे. अवशेष जवळच्या संत जेरेमाया चर्चमध्ये ठेवले गेले. २००४ मध्ये, हौतात्म्याला १७०० वर्षे झाली त्या निमित्ताने, ते काही दिवसांसाठी सिराक्यूजला आणण्यात आले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर लोटले. सिराक्यूजमधील तिच्या मूळ कबरीपाशी असलेल्या चर्चसाठी कॅराव्हॅज्योने १६०८ मध्ये तिच्या दफनाचे चित्र रंगविले होते. ती कबर रिकामीच आहे. दरवर्षी १३ डिसेंबरला तिची १५९९ मध्ये घडविलेली चांदीची मूर्ती कॅथेड्रलमधून मिरवणुकीने त्या रिकाम्या कबरीकडे नेली जाते. त्या दिवशी घरोघरी पोळी-भाकरी न करता उकडलेले गहू खातात. १६४६ च्या दुष्काळात लोकांनी लुसीचा धावा केला आणि धान्याची जहाजे बंदराला लागली, अशी त्यामागची आख्यायिका आहे. भुकेल्यांना दळण्याइतकाही धीर नव्हता, म्हणून गहू तसेच शिजवून खाल्ले गेले.

लुसीचे अवशेष सेनापतींनी आणि जेत्यांनी नेले. आर्किमिडीजची कबर गावाने विसरून टाकली. अथेनाच्या मंदिरातील हस्तिदंत सुभेदाराने पळविले. युस्कियाचा दगड मात्र कोणी नेला नाही, कारण तो कोणाच्या लोभाला पुरेल एवढा मोलाचा नव्हता. दीड हजार वर्षे तो अंधारात आपल्या जागी पडून राहिला. लुसीचे शरीर तिच्या गावाला मुकले, पण तिच्या सणाची साक्ष गावाच्या मातीत शाबूत राहिली.

वाचकहो, हे सारे दूरच्या बेटावरचे आहे. तरी त्यातून एक अगदी जवळचे काम सुचते. आपल्या अनेक धर्मग्रामांत जागेच्या टंचाईमुळे कबरी काही वर्षांनी पुन्हा वापराव्या लागतात. जुने दगड काढले जातात, फुटतात, कुंपणाच्या भिंतीत किंवा पायरीखाली जातात. त्यांवर कोरलेली नावे, गावे, घराण्यांची आडनावे आणि मोडक्या-तोडक्या भाषेतील दोन ओळी त्यांच्यासोबत नाहीशा होतात. त्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटते. ओर्सींच्या आधी त्या बोगद्यातून गेलेल्या कित्येकांनाही तसेच वाटले असेल. नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावण्यासाठी आपण सहकुटुंब जातो. त्या वेळी एखाद्या वहीत आपल्या आणि शेजारच्या जुन्या दगडांवरील मजकूर, चुकांसकट, जसाच्या तसा उतरवून घेतला, आणि ती वही धर्मग्रामाच्या कार्यालयात दिली, तर त्याला खर्च काही नाही. मुलांना ते काम सोपवावे. अक्षरे ओळखताना ती आपल्या पणजोबांची नावे वाचावयास शिकतील.

युस्कियाच्या पतीला आपण काय करीत आहोत याची कल्पना नव्हती. त्याने खरे तेवढे लिहिले : तिचे नाव, तिचा स्वभाव, तिचे अंदाजे वय आणि ती गेली तो सण. दगडावर किंवा वहीत आपल्यालाही तेवढेच लिहावयाचे आहे.